उद्यानविद्येची पदवी घेताना: प्रवेशापासून गावातल्या कामापर्यंत

बारावी विज्ञानानंतर उद्यानविद्येच्या चार वर्षांच्या पदवीकडे वळणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. विद्यापीठाचे वेळापत्रक सत्रांवर चालते आणि बागेचे हंगामांवर, आणि या दोहोंचा मेळ क्वचितच बसतो. आंबा या काळात चारदाच मोहरतो. द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची, ऑक्टोबरच्या सुमाराची) ऐन भरात असते तेव्हा विद्यार्थी बहुधा मध्यसत्र परीक्षेच्या तयारीत असतात, आणि खरड छाटणीच्या (काड्या तयार करण्यासाठीच्या, एप्रिलच्या सुमाराच्या) वेळी उन्हाळी परीक्षा जवळ आलेली असते. परिणामी, उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊनही एकदाही छाटणी न केलेला पदवीधर तयार होणे अगदी शक्य आहे. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमापुरते असून, हाताने करावयाचे काम या चार वर्षांत कोठे, केव्हा आणि कसे साधावे यावर त्यात भर दिला आहे.

महाविद्यालय निवडताना

राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत आणि चारही विद्यापीठांच्या अखत्यारीत उद्यानविद्येची पदवी घेता येते. दापोली, पुणे, अकोला, परभणी तसेच सिंधुदुर्गातील मुळदे येथे विद्यापीठांची स्वतःची उद्यानविद्या महाविद्यालये आहेत. त्याखेरीज संलग्न विनाअनुदानित महाविद्यालयेही आहेत. प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, म्हणजे एमएचटी-सीईटीतून, केंद्रीय पद्धतीने होतो. बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र असो वा गणित, दोन्ही गटांतील विद्यार्थ्यांना हा मार्ग खुला आहे. काही जागा भारतीय कृषी संशोधन परिषदेमार्फत देशपातळीवरील सीयूईटी परीक्षेतून भरल्या जातात. परराज्यात शिकण्याची तयारी असलेल्यांनी ती परीक्षाही द्यावी. शेतजमीनधारकांच्या पाल्यांना गुणवत्ता यादीत अधिभार (जादा गुण) मिळतो आणि त्यासाठी सातबारा उताऱ्यासह ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. तो तहसील कार्यालयातून वेळेत मिळवणे हे परीक्षेच्या अभ्यासाइतकेच महत्त्वाचे ठरते, कारण दाखला नाही म्हणून अधिभार गमावणारे दरवर्षी आढळतात. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रांचेही तसेच. त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचूनच अर्ज भरावा.

पसंतीक्रम भरण्यापूर्वी शक्य असेल तर महाविद्यालय प्रत्यक्ष पाहून यावे, आणि तेही पावसाळ्यात. इमारत पाहण्यात वेळ घालवू नये. सरळ रोपवाटिकेत जावे आणि कलमांसाठी काड्या जेथून घेतल्या जातात ती मातृवृक्षांची बाग दाखवा म्हणून विनंती करावी. झाडांवर जातीचे नाव व लागवडीचे वर्ष असलेल्या पाट्या आहेत काय, खुंटांची, म्हणजे ज्यांवर कलम बांधायचे ती, रोपे पिशव्यांत भरलेली आहेत काय, पॉलिहाऊसचा कागद फाटून लोंबतो आहे की आत खरोखर पीक उभे आहे, आणि रोपविक्रीच्या खिडकीवर शेतकरी येतात काय, एवढे पाहिले तरी पुरते. जेथून शेतकरी पैसे देऊन रोपे नेतात, तेथील रोपवाटिकेत रोज काम चालते, आणि जेथे रोज काम चालते तेथेच शिकणाऱ्यालाही काम मिळते. विनाअनुदानित महाविद्यालयाच्या बाबतीत स्वतःच्या मालकीची ओलिताखालील जमीन किती, हा प्रश्न संकोच न बाळगता विचारावा.

महाविद्यालय कोणत्या पिकाच्या मुलुखात आहे याचाही विचार व्हावा, आणि माझ्या मते तो गुणवत्ता यादीतील क्रमांकाइतकाच गंभीरपणे व्हावा. आंबा, काजू, नारळ, कोकम आणि मसाला पिके शिकायची असतील तर कोकणाला पर्याय नाही; संत्रा-मोसंबीसाठी विदर्भ व मराठवाडा योग्य; द्राक्ष, डाळिंब आणि पॉलिहाऊसमधील फुलशेती जवळून पाहायची असेल तर पश्चिम महाराष्ट्र बरा.

पहिली दोन वर्षे: हात तयार करणे

अभ्यासक्रमपुस्तिकेत प्रत्येक विषयापुढे २ (१+१) किंवा ३ (२+१) असे आकडे दिसतात. कंसातील पहिला आकडा तासिकांचा आणि दुसरा प्रात्यक्षिकाचा. प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट (श्रेयांक) म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास. हे दोन तास हजेरी, मार्गदर्शन आणि जर्नल यांत पाहता पाहता संपतात आणि पन्नास-साठ जणांच्या तुकडीत चाकू प्रत्येकाच्या हाती येईपर्यंत वेळ सरलेली असते. त्यामुळे रोपवाटिकेचे प्रभारी प्राध्यापक आणि तेथील जुने माळी यांच्याशी पहिल्याच सत्रात ओळख करून घ्यावी आणि सकाळच्या तासांपूर्वी किंवा सुट्टीच्या दिवशी कामावर येऊ द्यावे अशी विनंती करावी. माळीकाकांना ‘काका’ म्हणून हाक मारणारा आणि पिशव्या भरण्यास न लाजणारा विद्यार्थी दोन महिन्यांत जे शिकतो, ते वर्गात शिकवता येत नाही. (विद्यापीठांत माळी प्रशिक्षणाचा वेगळा अभ्यासक्रमही असतो. पदवीच्या विद्यार्थ्यांनी त्याला कमी लेखू नये. कलमे बांधण्यात ती मुले बहुधा पुढे असतात.)

आंब्याच्या कोय कलमाचे उदाहरण घेऊ. जून-जुलैत कोयी गादीवाफ्यावर रुजत घातल्या जातात. रोप पंधरा दिवसांच्या आत-बाहेरचे आणि पाने अजून तांबूस, कोवळी असतानाच ते कलमासाठी योग्य असते. पाने हिरवी होऊन खोड कठीण झाले की यशाचे प्रमाण घसरते. रोपाचा शेंडा कोयीपासून आठ-दहा सेंटीमीटरवर छाटून मधोमध तीन ते चार सेंटीमीटरची उभी खाच घेतात. हापूसच्या चांगल्या झाडावरून तीन-चार महिने वयाची, पेन्सिलीच्या जाडीहून थोडी बारीक, डोळा फुगलेली पण न फुटलेली काडी निवडतात, तिला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतात, ती खाचेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. काडी आणि खुंट यांची जाडी जुळत नसेल तर किमान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. पाचरीचा काप एकाच ओढीत, सपाट आणि स्वच्छ हवा. दोन-तीनदा खरवडलेल्या पाचरीत फट राहते आणि तेथेच काडी काळी पडते. कोकणातील जुलै-ऑगस्टची दमट हवा या कामाला मानवते, पण विद्यार्थ्याच्या वाट्याला हा काळ वर्षातून सहा-सात आठवडेच येतो आणि चार वर्षांतील एक पावसाळा प्रवेशफेऱ्यांत जातो. आपण बांधलेल्या प्रत्येक कलमाला तारखेची चिठ्ठी लावावी, महिन्याभराने किती फुटली ते मोजावे आणि मेलेली कलमे सोडवून पाहावीत. मेलेल्या कलमाचा जोड उघडून पाहिल्याशिवाय हात सुधारत नाही.

पाचर कलम, डोळे भरणे, गुटी कलम ही कामेही अशीच आपापल्या हंगामाशी बांधलेली आहेत. म्हणून पहिल्याच वर्षी एक मोठा तक्ता करून खोलीत लावावा: वरच्या ओळीत महिने, खाली पिके, आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यातील काम. डाळिंबाचे मृग, हस्त आणि आंबे हे तीन बहार (फुलोऱ्याचे हंगाम), संत्र्याचा आंबिया आणि मृग बहार, त्यापूर्वी पाणी तोडून दिला जाणारा ताण, द्राक्षाच्या दोन छाटण्या, केळीची मृगबाग आणि कांदेबाग (पावसाळ्याच्या आरंभीची आणि त्यानंतरची लागवड), असे सारे त्यात यावे. मग सत्राचे वेळापत्रक त्यावर ठेवून पाहावे आणि जी कामे सत्रात बसत नाहीत ती सुट्टीत, ओळखीच्या बागायतदाराकडे राहून करावीत. उन्हाळी सुट्टी घरी न घालवता त्यातील तीन आठवडे जरी कोणाच्या द्राक्षबागेत खरड छाटणीला दिले, तरी पुढे पुस्तकातील काडी, डोळा, सबकेन हे शब्द डोळ्यांपुढे उभे राहतात.

स्वतःचा सिकेटर (छाटणीची कात्री) आणि कलमाचा चाकू असावा. महाविद्यालयाचा बहुधा बोथट असतो. प्रत्येक झाडानंतर पाती निर्जंतुक करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. डाळिंबाच्या तेलकट डाग रोगाचे जिवाणू छाटणीच्या हत्यारांतून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात, आणि एखाद्या शेतकऱ्याच्या बागेत रोग नेणारा विद्यार्थी त्या गावाच्या कायमचा लक्षात राहतो.

शिक्षण इंग्रजीतून चालते आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सत्र जड जाते. नोंदवहीत प्रत्येक इंग्रजी संज्ञेशेजारी बागायतदार वापरतात तो शब्द लिहीत गेल्यास दोन फायदे होतात: परीक्षेत अर्थ आठवतो आणि चौथ्या वर्षी गावात बोलताना अडत नाही.

मध्येच थांबावे लागले तर

भारतीय कृषी संशोधन परिषदेने नेमलेल्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार आखलेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय ठेवली आहे, मात्र त्यासाठी दहा आठवड्यांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. घरच्या अडचणीमुळे खंड पडणार असेल तर नुसतेच नाव काढून घेण्याऐवजी ही सोय वापरावी. ज्यांना असा खंड अपेक्षित नाही त्यांनीही या वर्षांतील कौशल्यविकासाचे विषय सहज गुण देणारे म्हणून न निवडता, रोपवाटिका, संरक्षित शेती किंवा फळप्रक्रिया यांपैकी ज्यात हात बसवायचा आहे ते निवडावेत.

तिसरे वर्ष: पीक ठरवणे

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एक मुख्य पीक आणि एक जोडपीक मनाशी ठरवलेले असावे, कारण चौथ्या वर्षी गाव, संशोधन केंद्र आणि उद्योग निवडण्याची संधी येते तेव्हा ज्याची निवड झालेली नसते त्याला उरलेली जागा मिळते. शैक्षणिक सहलीचा उपयोग येथे करून घ्यावा. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, पुण्याजवळ मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय आणि वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र ही सारी राज्यातच आहेत. काजूच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतील जाती जेथे निघाल्या ते केंद्र मुळदे-दापोलीच्या विद्यार्थ्यांना तर घरचेच आहे. अशा भेटीत छायाचित्रे काढण्यापेक्षा तेथील शास्त्रज्ञांना एकच नेमका प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ, भारी जमिनीत किंवा खारवट पाण्यावर या पिकाला कोणता खुंट चालतो आणि का. पुढे अर्ज करताना तो प्रश्न त्यांच्या आठवणीत असतो.

पॉलिहाऊसमध्ये रस असल्यास तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत होणारी अल्पमुदतीची प्रशिक्षणे पाहावीत. तेथे वर्गात बहुसंख्य शेतकरी असतात आणि कर्ज, खर्च, बाजारभाव यांवरील त्यांचे प्रश्न प्राध्यापकांच्या प्रश्नांहून पुष्कळ टोकदार असतात.

चौथे वर्ष: गावात

संपूर्ण पदवीतील सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि सर्वांत जास्त वाया जाणाराही हाच. ‘ग्रामीण उद्यानविद्या कार्यानुभव’ या नावाने ओळखले जाणारे हे सत्र २०१५ साली सुरू झालेल्या ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमाचा भाग असून, त्यात जाणाऱ्या मुलांना उद्यानदूत आणि मुलींना उद्यानकन्या म्हणतात. पाचव्या अधिष्ठाता समितीने घालून दिलेल्या आराखड्यात वीस आठवड्यांची वाटणी अशी आहे: एक आठवडा पूर्वतयारी, आठ आठवडे गाव, पाच आठवडे कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्र, दोन आठवडे वनस्पती रोगचिकित्सालय, तीन आठवडे कृषी उद्योग आणि शेवटचा आठवडा अहवाल व सादरीकरण. आपल्या तुकडीला कोणता अभ्यासक्रम लागू आहे आणि हे काम कोणत्या सत्रात येते, हे तिसऱ्या वर्षीच कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. या काळासाठी विद्यावेतनाची तरतूद आहे. ती आपल्या महाविद्यालयाला लागू आहे काय, हेही त्याच वेळी विचारावे.

गावातील पहिल्या आठवड्यात गटाने मिळून एकच करावे: ऐकावे. गावनकाशा, हंगामदर्शिका, कुटुंबांची माहिती ही कामे अहवालासाठी लागतातच. पण प्रश्नावली घेऊन ऐन मळणीत किंवा छाटणीत शेतकऱ्याला गाठू नये. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांची भेट पहिल्याच दिवशी घ्यावी. ज्यांच्या बागेवर काम करायचे त्या यजमान शेतकऱ्याला वयानुसार काका, दादा, भाऊ म्हणावे आणि ‘तुमचे चुकते आहे’ हे वाक्य पहिले महिनाभर उच्चारू नये. त्यांचे बहुधा चुकत नसते; पाणी, मजूर आणि पैसा यांच्या ओढाताणीत त्यांनी काढलेला तो मार्ग असतो.

प्रात्यक्षिक देताना विषय असा घ्यावा की जो त्या आठवड्यात बागेला हवा आहे. पावसाळ्यात बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक, हा हमखास विषय. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवावेत, चुन्याचे पाणी गाळून घ्यावे, आणि मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळत राहावे. धातूचे भांडे वापरू नये. तयार मिश्रणात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे टोक थोडा वेळ बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे, आणखी चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासावे. मिश्रण त्याच दिवशी फवारावे. खिळ्याची ही परीक्षा शेतकऱ्याच्या हाताने करून घ्यावी, कारण दुकानातील जुना, हवेने मेलेला चुना वापरला गेला की एका किलोत काम भागत नाही, आणि ते त्यांना प्रत्यक्ष दिसते.

माती परीक्षणाच्या प्रात्यक्षिकात एक चूक सर्रास होते. हंगामी पिकांसाठी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खड्डा घेऊन नमुना काढतात, तोच प्रकार फळबागेतही केला जातो. फळझाडांची मुळे खोल जातात. तेथे ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटीमीटर असे थरांचे नमुने वेगवेगळे काढून वेगवेगळ्या पिशव्यांत भरावे लागतात. नवी बाग लावण्यापूर्वी खालच्या थरात चुनखडी किंवा कातळ आहे काय, हे अशानेच कळते.

फवारणीच्या बाबतीत मात्र नम्रता बाजूला ठेवून ठाम राहावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरण्याजोगे नाही. डब्यावरील त्रिकोणाचा रंग वाचावा. लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हातमोजे, तोंडावर मुखवटा, अंगभर कपडे नसतील तर विद्यार्थ्याने पंप उचलू नये, आणि वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारणी करू नये. फळमाशीसाठी आंबा व वेलवर्गीय भाज्यांत ‘रक्षक’ सापळ्यासारखा उपाय दाखवता येत असेल तर तोच आधी दाखवावा.

संशोधन केंद्रात आणि उद्योगात

संशोधन केंद्रातील आठवड्यांत विद्यार्थ्यांना बरेचदा लेबले लिहिणे, झाडांची उंची मोजणे, फळे तोलणे अशी कामे मिळतात. ती कंटाळवाणी वाटली तरी प्रयोगाची मांडणी, पुनरावृत्ती आणि नोंदीची शिस्त तेथेच कळते, आणि पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असलेल्यांनी यात टाळाटाळ करू नये.

उद्योगातील तीन आठवडे फार थोडे आहेत, म्हणून जागा आधीपासून शोधावी. निर्यातीची पॅकहाऊस, टिश्यूकल्चर प्रयोगशाळा, ठिबक सिंचन कंपन्या, फळप्रक्रिया केंद्रे आणि शेतकरी उत्पादक कंपन्या असे पर्याय आहेत. नाशिकजवळ मोहाडीची सह्याद्री फार्म्स किंवा जळगावची जैन इरिगेशन ही नावे विद्यार्थ्यांच्या यादीत असतातच. अर्ज तीन-चार महिने अगोदर, महाविद्यालयाच्या पत्रासह करावा आणि आपल्याला कोणत्या विभागात काम करायचे आहे हे त्यात स्पष्ट लिहावे. पॅकहाऊसमध्ये गेल्यास प्रतवारीच्या टेबलापाशी न थांबता माल नाकारला जातो त्या ठिकाणी उभे राहावे. मण्यांवरील डाग, कमी साखर, कीडनाशकांचे उर्वरित अंश, उशिरा झालेले पूर्वशीतकरण (तोडणीनंतर माल थंड करणे), यांपैकी कोणत्या कारणाने किती माल बाजूला पडतो हे पाहिले म्हणजे बागेत कोणत्या महिन्यात काय चुकले याचा माग काढता येतो.

अनुभवाधिष्ठित शिक्षण

यानंतर विद्यार्थी छोट्या गटांत एखादा उपक्रम, जसे रोपवाटिका, फुलशेती व उद्यानरचना, संरक्षित शेती किंवा फळप्रक्रिया, व्यवसाय म्हणून चालवतात. भांडवल महाविद्यालयाचे, कष्ट विद्यार्थ्यांचे, आणि नफ्यात विद्यार्थ्यांचा वाटा. येथे बहुतेक गट उत्पादनात उत्साही आणि हिशेबात ढिले असतात. खरेदीची प्रत्येक पावती, मजुरीचे तास आणि मेलेल्या रोपांची संख्या रोज लिहावी. शंभर कलमांतील पस्तीस मेली तर उरलेल्या पासष्टांवर त्यांचा खर्च चढतो आणि विक्रीची किंमत तिथूनच ठरते.

पदवीनंतर

राज्याच्या कृषी सेवेची परीक्षा, बँकांमधील कृषी अधिकाऱ्यांची भरती, बियाणे व निविष्ठा कंपन्या, महानगरपालिकांचे उद्यान विभाग आणि पदव्युत्तर शिक्षण हे परिचित मार्ग आहेत. प्रत्येक जाहिरातीतील शैक्षणिक अर्हतेत उद्यानविद्येचा स्पष्ट उल्लेख आहे काय ते वाचून मगच तयारीला लागावे. खासगी मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर तारीखवार कामाची वही न्यावी: किती कलमे बांधली, किती जगली, कोणत्या बागेत कोणती छाटणी केली. मुलाखत घेणारा स्वतः बागायतीतला असेल तर तो वहीच आधी उघडतो.

स्वतःची रोपवाटिका काढायची असल्यास फळरोपांच्या विक्रीसाठी १९६९ च्या महाराष्ट्रातील फळरोपवाटिका कायद्यानुसार कृषी विभागाचा परवाना लागतो. त्यासाठी मातृवृक्षांची स्वतःची बाग आणि त्यांच्या मूळ स्रोताचे पुरावे दाखवावे लागत असल्याने, हा विचार असलेल्याने तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यातच विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून खात्रीची कलमे रीतसर पावतीनिशी घेऊन घरच्या जमिनीत लावावीत आणि त्या पावत्या जपून ठेवाव्यात. पदवी हातात येईपर्यंत त्या झाडांना दोन वर्षांची वाढ मिळालेली असते.